हुकूम आणि चाप

१७७० च्या ऑक्टोबर महिन्यात बॉस्टनच्या तुरुंगातून एक छोटासा अर्ज न्यायालयाकडे गेला. अर्जदार होते ब्रिटिश सैन्याच्या २९ व्या पलटणीतले तीन साधे शिपाई: जेम्स हार्टिगन, मॅथ्यू किलरॉय आणि ह्यू व्हाइट. पाच नागरिकांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर होता. आपला खटला कॅप्टन थॉमस प्रेस्टन यांच्या खटल्याबरोबरच चालवावा, एवढीच त्यांची विनंती होती. कारणही त्यांनी सरळ सांगितले होते. आम्ही कॅप्टनचा हुकूम पाळला, तो पाळला नसता तर आम्हालाच गोळी घातली असती. कॅप्टन पडले प्रतिष्ठित गृहस्थ. जीव वाचवण्याची संधी त्यांना मिळेल, हुकमाच्या ताबेदार गरिबांना ती कुठून मिळणार? न्यायालयाने हा अर्ज फेटाळला. आधी कॅप्टनचा खटला चालला आणि गोळीबाराचा हुकूम त्यांनी दिल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून ते सुटले. महिन्याभराने शिपायांचा खटला चालला. आठांपैकी सहा जण निर्दोष ठरले आणि दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत झाला. त्या दोघांच्या अंगठ्यांवर तापलेल्या लोखंडाने डाग दिला आणि त्यांना सोडून दिले. बॉस्टनच्या हत्याकांडावर गेली अडीचशे वर्षे लिहिले जात आहे. त्यातले बरेचसे लेखन दोनच बाजूंनी होते: शिपाई कसाई होते, किंवा शिपाई बिचारे होते आणि जमाव माजला होता. माझे म्हणणे या दोन्हींहून वेगळे आहे. त्या दोन खटल्यांनी जबाबदारीचे दोन तुकडे केले आणि ती मधल्या फटीतून खाली पडू दिली. शिपायांच्या वाट्याला जेवढा दोष येत होता तेवढा त्यांना लागला, हे योग्यच झाले. परंतु ज्यांनी त्यांना तिथे उभे केले त्यांच्यापर्यंत कोणताही कायदा पोचला नाही.

५ मार्च १७७० च्या त्या रात्री बॉस्टनच्या किंग स्ट्रीटवर बर्फ साचले होते. जकात कचेरीसमोर ह्यू व्हाइट एकटा पहाऱ्यावर होता. केसांचे टोप बनवणाऱ्या एका कारागिराकडचा एडवर्ड गॅरिक नावाचा उमेदवार पोरगा एका अधिकाऱ्याने पैसे बुडवल्याचे ओरडून सांगत होता. व्हाइटने त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणला. पोरे जमली, मग मोठी माणसे जमली. चर्चच्या घंटा वाजू लागल्या. त्या काळी अवेळी घंटा वाजली की कुठेतरी आग लागली असे लोक समजत, म्हणून कित्येक जण पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले. इंग्रजीत आगीला आणि गोळी झाडण्याच्या हुकमाला शब्द एकच, ‘फायर’. तो शब्द त्या रात्री रस्त्यारस्त्यांतून घुमत होता आणि पुढे दोन्ही खटल्यांत सगळा खल याच एका शब्दावर झाला. दिवसाचे पहारा-अधिकारी कॅप्टन प्रेस्टन एक कॉर्पोरल आणि सहा शिपाई घेऊन व्हाइटच्या मदतीला आले. बंदुकांना संगिनी लावलेल्या होत्या. शिपाई अर्धवर्तुळात उभे राहिले, समोर काहीशे माणसांचा जमाव. बर्फाचे गोळे, बर्फाचे तुकडे, शिव्या, काठ्यांची आदळआपट. जमावातले लोक शिपायांना गोळी झाडायचे आव्हान देत होते, कारण दंडाधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय सैनिकाला नागरिकांवर गोळी झाडता येत नाही ही गोष्ट शहरात जो तो जाणून होता. मग ह्यू माँटगमरी नावाच्या शिपायाला फटका बसला, तो पडला, उठला आणि त्याने चाप ओढला. थोड्या वेळाने इतरांच्याही बंदुका उडाल्या. क्रिस्पस अॅटक्स, सॅम्युअल ग्रे आणि जेम्स कॉल्डवेल जागीच गेले. सतरा वर्षांचा सॅम्युअल मॅव्हरिक दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, पॅट्रिक कार नऊ दिवसांनी. आणखी सहा जण जखमी झाले.

आता प्रश्न असा की, हे शिपाई मुळात त्या रस्त्यावर आले कसे? १७६७ मध्ये टाउनशेंड कायद्यांनी काच, रंग, कागद, शिसे आणि चहा यांवर जकात बसवली आणि ती वसूल करण्यासाठी जकात आयुक्तांचे मंडळ बॉस्टनमध्येच ठाण मांडून बसले. व्यापाऱ्यांनी विलायती मालावर बहिष्कार घातला, आयुक्तांना धमक्या आल्या. वसाहतींचे मंत्री लॉर्ड हिल्सबरो यांनी ८ जून १७६८ रोजी न्यूयॉर्कमधील सरसेनापती जनरल थॉमस गेज यांना बॉस्टनला फौज पाठवण्याचा आदेश लिहिला. व्यापारी जॉन हॅनकॉक यांचे ‘लिबर्टी’ जहाज जप्त झाल्यावर जो मोठा दंगा उसळला, तो त्यानंतर दोन दिवसांनी झाला. म्हणजे फौजेचा निर्णय त्या दंग्याच्या आधीच झालेला होता, हे विसरता कामा नये. १ ऑक्टोबर १७६८ रोजी पलटणी धक्क्यावर उतरल्या. ज्या शहराची वस्ती पंधरा-सोळा हजार, तिथे घरटी नाही तरी गल्लोगल्ली लाल डगला दिसू लागला. नगरभवनासमोर मुख्य पहारा बसला आणि त्याच्या तोफांची तोंडे प्रांताची विधानसभा जिथे भरे त्या इमारतीकडे वळलेली होती. पगार तुटपुंजा म्हणून शिपाई फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे धरीत आणि शहरातल्या हातावर पोट असणाऱ्यांचा घास जाई. २ मार्च १७७० रोजी जॉन ग्रे यांच्या दोरखंडाच्या कारखान्यात काम मागायला गेलेल्या एका शिपायाला तिथल्या कामगाराने आपला संडास साफ करायला सांगितले. त्यावरून दोन्हीकडचे लोक गोळा झाले आणि सोटे घेऊन मारामारी झाली. त्या मारामारीत किलरॉय होता, वॉरन नावाचा आणखी एक शिपाई होता आणि कामगारांच्या बाजूने सॅम्युअल ग्रे होता. तीनच दिवसांनी किलरॉय आणि वॉरन किंग स्ट्रीटवर बंदुका घेऊन उभे होते आणि ग्रे त्यांच्यासमोर मरून पडला.

यापेक्षाही गंभीर गोष्ट कायद्याची होती. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे सैन्य दंगल शमवायला येते ते मुलकी अधिकाऱ्याच्या मदतीला; दंडाधिकारी आधी जमावाला पांगण्याचा इशारा वाचून दाखवतो आणि बळाचा वापर त्याच्या सांगण्यावरून होतो. बॉस्टनमध्ये हा दुवाच नव्हता. प्रांताच्या कौन्सिलने फौज मागितली नव्हती. गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्ड यांना फौज हवी होती, पण उघडपणे मागणी करून लोकांचा रोष अंगावर घ्यायची तयारी नव्हती. शहरातला कोणताही न्यायदंडाधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांवर सैन्य सोडायला तयार नव्हता. लंडनमधल्या मंत्र्यांना हे समजले नसेल असे म्हणता येत नाही, कारण तिथला अनुभव ताजा होता. १० मे १७६८ रोजी सेंट जॉर्जेस फील्ड्समध्ये सरकारविरोधी राजकारणी जॉन विल्क्स यांच्या समर्थकांवर शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या, विल्यम अॅलन हा तरुण मारला गेला होता, आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खुनाचा खटला भरला गेला होता. तो सुटला, पण निदान कोणाला जाब विचारायचा हे लोकांना माहीत तरी होते. बॉस्टनमध्ये दीड वर्ष फौज होती आणि ती शहरात वापरण्याचा कायदेशीर अधिकार ज्याच्या हातात आहे असा एकही माणूस पुढे येत नव्हता. असे सैन्य म्हणजे भरलेली बंदूक चौकात टांगून ठेवणे होय. चाप कोणाच्या बोटाने ओढला जाईल एवढेच ठरायचे बाकी होते.

प्रेस्टन यांचा खटला २४ ते ३० ऑक्टोबर असा चालला. त्यांचा जीव एका शब्दावर टांगलेला होता. चौतीस वर्षांपूर्वी, १७३६ मध्ये, एडिनबरोत नगररक्षकांचे कॅप्टन जॉन पोर्टियस यांना जमावावर गोळी झाडायला लावल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. राणीने तहकुबी दिली तेव्हा संतापलेल्या लोकांनी त्यांना तुरुंगातून ओढून काढून स्वतःच लटकवले. म्हणून प्रेस्टन यांनी हुकूम दिला की नाही, याच प्रश्नाभोवती सारा पुरावा फिरला. काही साक्षीदारांनी छातीठोकपणे सांगितले की कॅप्टनने हुकूम दिला. परंतु हुकूम देणाऱ्याने साधा डगला घातला होता, असे त्यांतल्या एकाने सांगितले. प्रेस्टन यांच्या अंगात लाल डगला होता. रिचर्ड पाम्स नावाच्या व्यापाऱ्याचा हात त्या क्षणी प्रेस्टन यांच्या खांद्यावर होता; बंदुका भरलेल्या आहेत का, असे त्याने विचारले, त्या भरलेल्या असल्याचे कॅप्टनने सांगितले, आणि शिपाई लोकांवर गोळी झाडणार आहेत का यावर मुळीच नाही असे उत्तर दिले. एवढे बोलणे होते न होते तोच पहिली गोळी सुटली. शिवाय कॅप्टन स्वतःच शिपायांच्या बंदुकांपुढे उभे होते. तिथे उभे राहून कोणी गोळीचा हुकूम देईल हे पटत नाही. प्रेस्टन यांच्या ज्युरीत राजनिष्ठ लोकांचा भरणा होता, त्यांतले काही पुढे क्रांतीच्या वेळी देश सोडून गेले, हे खरे आहे. तरीही पुरावा पाहता निकाल चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. प्रेस्टन यांनी हुकूम दिला नसावा.

पण या निकालाने शिपायांचे काय झाले ते पाहा. हुकूम पाळला, हा त्यांचा सगळ्यात स्वाभाविक बचाव होता, आणि तोच त्यांच्या हातातून गेला. कॅप्टनचा बचाव सांगत होता की हुकूम नव्हता; शिपायांचा अर्ज सांगत होता की हुकूम होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दोन्ही खटल्यांत मुख्य वकील तेच होते, जॉन अॅडम्स आणि जोसाया क्विन्सी. एकाच वकिलाने परस्परांवर बोट दाखवणाऱ्या दोन आरोपींची बाजू घ्यावी, हे आजच्या वकिली नीतीत बसणार नाही. खटले वेगळे केल्यामुळे हा विरोध न्यायालयात समोरासमोर आलाच नाही. एकत्र खटला चालला असता तर ज्युरीला विचारावे लागले असते: कॅप्टनने हुकूम दिला नाही, तर तो आपल्या माणसांना आवरू का शकला नाही? आणि शिपायांनी हुकूम ऐकला असे त्यांना खरोखर वाटले, तर त्या गोंगाटात त्यांना भरलेल्या बंदुकांनिशी उभे करण्याची जबाबदारी कोणाची? प्रेस्टन यांच्या स्वतःच्या निवेदनात आहे की, गोळीबारानंतर शिपाई पुन्हा नेम धरू लागले तेव्हा त्यांनी बंदुका हाताने वर उडवल्या. म्हणजे शिपाई त्यांचे ऐकत होते. पहिल्या गोळीनंतर जी उसंत मिळाली तिच्यात हे का घडले नाही, हा प्रश्न कोणी नेटाने लावून धरला नाही.

त्या उसंतीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण शिपायांची स्वतःची जबाबदारी तिथेच आहे. माँटगमरीची गोळी सुटली ती फटका बसल्यावर, संतापाच्या किंवा भीतीच्या भरात. तिच्या आणि बाकीच्या गोळ्यांच्या मध्ये किती वेळ गेला यावर साक्षीदारांत एकमत नाही. कोणी काही क्षण म्हणतो, कोणी त्याहून पुष्कळ जास्त. पण खंड पडला हे जवळजवळ सगळेच सांगतात. त्या खंडात प्रत्येक शिपायासमोर निवड होती, आणि ती एकासारखी दुसऱ्याने केली नाही. पुराव्यावरून निदान एका शिपायाची बंदूक उडालीच नाही. त्याच्यावरही तेच बर्फ पडत होते, त्याच्याही कानांत तोच शब्द घुमत होता. गोळ्या कोणाला लागल्या तेही पाहू. कॉल्डवेल हा एका जहाजावरचा मेट. त्याच्या पाठीत गोळ्या शिरल्या. मॅव्हरिक गर्दीच्या मागच्या बाजूला होता. एडवर्ड पेन नावाचा व्यापारी आपल्याच दारात उभा असताना दंडाला गोळी लागून जखमी झाला. ग्रेचे हात मारण्यासाठी उगारलेले नव्हते, असे साक्षीदारांनी सांगितले. आणि किलरॉयबद्दल एकाने शपथेवर सांगितले की, इथे उतरल्यापासून शहरवासीयांवर गोळी झाडण्याची संधी मी शोधतो आहे, असे तो पूर्वी बोलला होता. ज्युरीने माँटगमरी आणि किलरॉय या दोघांनाच दोषी धरले, कारण नेमक्या कोणाच्या गोळीने कोण मेले हे या दोघांबाबतच सिद्ध झाले: अॅटक्स आणि ग्रे. बाकीच्या सहांपैकी निदान एकाने गोळी झाडली नव्हती आणि तो कोण हे ठरत नव्हते. निरपराध एकाला फासावर देण्यापेक्षा इतरांना सोडणे बरे, हा अॅडम्स यांचा युक्तिवाद ज्युरीने मानला. मीही मानतो. मात्र पुरावा नाही म्हणून सुटणे आणि दोष नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

इथे मोठा आक्षेप येतो तो स्वसंरक्षणाचा, आणि तो हलका नाही. आठ माणसे, समोर काहीशे. काठ्या, बर्फाचे दगडासारखे तुकडे, मागे हटायला जागा नाही. मरणाच्या दारात असलेल्या पॅट्रिक कारने डॉक्टर जॉन जेफ्रीज यांना जे सांगितले ते शिपायांच्या बचावातले सर्वात वजनदार वाक्य ठरले. कार हा आयरिश. आयर्लंडमध्ये शिपाई जमावावर गोळ्या झाडताना त्याने पाहिले होते, पण गोळी झाडण्याआधी इतके सोसणारे शिपाई आपण कधी पाहिले नाहीत, असे तो म्हणाला. ज्याने आपल्याला मारले त्याच्याबद्दल मनात राग नाही, असेही तो म्हणाला. देशभक्तांचे पुढारी सॅम्युअल अॅडम्स यांनी तो कॅथलिक होता म्हणून त्याची साक्ष झटकून टाकली. हे त्यांना शोभले नाही. कारची साक्ष मी खरी धरतो. त्यातून सिद्ध होते ते एवढेच की शिपाई बराच वेळ सोसत होते आणि त्यांच्यावर खुनाचा आरोप टिकत नव्हता. पण अंगावर येणाऱ्याला रोखण्यासाठी झाडलेली गोळी वेगळी, आणि गर्दीच्या पाठीमागच्या पोरापर्यंत जाणारी गोळी वेगळी. त्या काळचा कायदा म्हणे की हल्ल्यातून स्वतःला वाचवताना चुकून तिसरा माणूस मेला तर तेही माफ. परंतु त्यासाठी मुळात जिवावर बेतले होते हे खरे असावे लागते, आणि माँटगमरी सोडला तर कोणा शिपायाला जिवावर बेतणारी इजा झाल्याचे दिसत नाही. सदोष मनुष्यवध ही कायद्यातली मधली पायरी नेमकी अशाच प्रसंगासाठी आहे.

स्वसंरक्षणाचा मुद्दा पटवून देण्यासाठी अॅडम्स यांनी जे केले ते मला त्या खटल्यातले सर्वात खटकणारे वाटते. शहराची बाजू दुबळी होऊ नये म्हणून नागरिकांच्या चिथावणीचा सगळा पुरावा पुढे आणू द्यायला ते तयार नव्हते. क्विन्सींचा कल तिकडे होता, तेव्हा अॅडम्स यांनी वकीलपत्र सोडण्याची धमकी दिल्याचे सांगितले जाते. मग दोष घालायचा कोणावर? कॅप्टनवर नाही, शिपायांवर नाही, शहरावर नाही. उरले मेलेले. जमाव म्हणजे टपोरी पोरे, काळे, मिश्रवर्णी, आयरिश आणि परके खलाशी, असे चित्र अॅडम्स यांनी ज्युरीसमोर उभे केले आणि त्या रात्रीच्या भीषण प्रकाराचे मूळ बऱ्याच अंशी क्रिस्पस अॅटक्सच्या वेडाचारात आहे असे सांगितले. त्याचे नुसते दिसणेच घाबरवणारे होते, असेही. अॅटक्स हा आफ्रिकी आणि मूळनिवासी रक्ताचा खलाशी, बहुधा वीस वर्षांपूर्वी फ्रेमिंगहॅमहून पळालेला गुलाम. अँड्र्यू नावाच्या गुलामाने साक्ष दिली की एका धिप्पाड माणसाने काठी उगारली आणि संगीन पकडली. दुसऱ्या साक्षीदाराने मात्र सांगितले की गोळी लागली तेव्हा अॅटक्स लांब काठीवर रेलून उभा होता. बॉस्टनबाहेरून आलेल्या ज्युरीने पहिली गोष्ट उचलली. मेलेला माणूस साक्षीला येत नाही, त्याच्या बाजूने कोणी वकील उभा राहत नाही. बॉस्टनच्या प्रतिष्ठित लोकांनी आपली अब्रू अॅटक्सच्या प्रेतावर पाय ठेवून वाचवली, असे मी म्हणेन, आणि अॅडम्स यांच्याविषयी आदर असूनही म्हणेन.

दुसरा आक्षेप असा की, त्या काळी असा खटला होणे हीच अभिमानाची गोष्ट आहे आणि दोष काढत बसणे बरोबर नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. हंगामी गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांनी त्याच रात्री नगरभवनाच्या सज्जातून कायदा आपले काम करील असे वचन दिले. त्याच रात्री कॅप्टनला अटक झाली. लोकांचा संताप निवावा म्हणून खटले शरद ऋतूपर्यंत लांबवले. त्याआधी २२ फेब्रुवारीला जकातीचा खबऱ्या एबेनेझर रिचर्डसन याने आपल्या घराला वेढा घालणाऱ्या पोरांवर झाडलेल्या गोळीने अकरा वर्षांचा क्रिस्टोफर सायडर मरण पावला होता, आणि एप्रिलमध्ये बॉस्टनच्या ज्युरीने रिचर्डसनवर खून शाबीत केला होता. शिपायांचा खटला एप्रिलमध्ये झाला असता तर ते फासावर गेले असते, यात मला शंका वाटत नाही. मराठी वाचकाला हत्याकांड म्हटले की १९१९ ची जालियनवाला बाग आठवते. तिथे जनरल डायर यांनी १,६५० गोळ्या झाडल्याचे आणि हुकूम आपणच दिल्याचे उघड कबूल केले, सरकारी आकड्यानेच ३७९ माणसे मेली, आणि डायर यांच्यावर फौजदारी खटला कधी उभा राहिला नाही. त्या मानाने बॉस्टनला पाच माणसांसाठी न्यायालय बसले, ही मोठी गोष्ट आहे. पण न्याय्य खटला म्हणजे संपूर्ण न्याय नव्हे. आरोपीच्या पिंजऱ्यात ज्याला आणले गेले त्याच्यापुरता न्याय झाला. ज्याला आणले गेले नाही त्याचा प्रश्न तसाच राहिला.

कोणी म्हणेल, मंत्र्याने फौज पाठवली म्हणून त्याला खुनी ठरवता येत नाही. राज्य चालवायचे तर फौज लागते. मी खुनी म्हणत नाही. पण ६ मार्चचा दिवस आठवा. शहराच्या सभेने सॅम्युअल अॅडम्स यांना पाठवून दोन्ही पलटणी हलवण्याची मागणी केली, तेव्हा हचिन्सन यांनी सांगितले की फौज आपल्या हुकमात नाही, तिचा अधिकार न्यूयॉर्कला गेज यांच्याकडे आहे. शहरातल्या फौजेचे प्रमुख कर्नल विल्यम डॅलरिंपल एक पलटण हलवायला तयार झाले. एक हलवता येते तर दोनही येतात, असा पेच अॅडम्स यांनी टाकल्यावर त्याच दिवशी दोन्ही पलटणी बंदरातल्या कॅसल विल्यमच्या किल्ल्यात नेण्याचे ठरले आणि काही दिवसांत नेल्याही. जे दीड वर्ष कोणाच्या अधिकारात नव्हते ते गोळीबारानंतर एका दिवसात ठरले. अधिकार होता, तो वापरून जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हते. शिपाई मात्र जबाबदारीतून पळू शकत नव्हता. तो पळाला तर कोर्ट मार्शल, तो उभा राहिला तर फाशीचा दोर. हार्टिगन, किलरॉय आणि व्हाइट यांच्या अर्जातली ती गरीब-श्रीमंतांची तुलना म्हणूनच मनाला लागते. त्यांची गरिबी किलरॉयचा गुन्हा धुऊन काढत नाही. पण तिच्यावरून एवढे कळते की, दोषाची उतरंड वरून खाली येताना वरचे लोक कसे मोकळे राहतात.

शेवटी नावाचा वाद. पाच माणसांच्या मृत्यूला हत्याकांड म्हणणे हा देशभक्तांचा प्रचार होता, असे म्हटले जाते. प्रचार होताच. पॉल रिव्हिअर यांच्या चित्रात कॅप्टन तलवार उगारून हुकूम देतो आहे आणि शिपाई शिस्तीत एकदम गोळ्या झाडत आहेत. ते चित्र हेन्री पेलहॅम यांच्या चित्रावरून उचललेले, आणि दोन्ही गोष्टी पुराव्याला सोडून आहेत. जकात कचेरीच्या खिडकीतून गोळ्या आल्या असे सांगणाऱ्या एका पोराच्या साक्षीवर चार नागरिकांवरही खटला भरला गेला, ते लगेच सुटले आणि तो पोरगा खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. पण प्रचार खोटा होता म्हणून घटना लहान होत नाही. ज्यांनी शिपायांना वाचवले त्या जॉन अॅडम्स यांनीच तीन वर्षांनी, ५ मार्च १७७३ रोजी, आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की ज्युरीचा निकाल पुराव्याप्रमाणे अगदी बरोबर होता. तरीही, असे ते पुढे लिहितात, शहराने त्या रात्रीला हत्याकांड म्हणू नये असे त्यातून निघत नाही, आणि ज्या गव्हर्नराने व मंत्र्याने सैन्य पाठवले त्यांचा बचावही त्यातून होत नाही. वकिलाने जे न्यायालयात म्हटले नाही ते नागरिकाने वहीत लिहिले. संसदेने मात्र उलटाच धडा घेतला: १७७४ मध्ये तिने कायदा केला की दंगल शमवताना कोणाला मारल्याचा आरोप असलेल्या सरकारी माणसाचा खटला गव्हर्नर दुसऱ्या वसाहतीत किंवा इंग्लंडला हलवू शकेल. बॉस्टनच्या न्यायालयात ज्युरीने सहा शिपायांना सोडल्यावर साधारण साडेतीन वर्षांनी हे झाले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींत शांततेच्या काळात ठेवलेल्या फौजा आणि अशा लुटुपुटीच्या खटल्यांचा मुद्दाम उल्लेख आहे.

१४ डिसेंबर १७७० रोजी माँटगमरी आणि किलरॉय यांनी एकेकाळी पाद्र्यांपुरती असलेली सवलत मागितली, फाशी चुकवली आणि शेरीफ स्टीफन ग्रीनलीफ यांच्यापुढे अंगठे धरले, ही सवलत पुन्हा मागता येऊ नये म्हणून ते डागले गेले. पाचही मृत बॉस्टनच्या ग्रॅनरी स्मशानात पुरले आहेत. प्रेस्टन इंग्लंडला गेले आणि त्यांना राजाकडून पेन्शन मिळाली. फौज पाठवणारे लॉर्ड हिल्सबरो तेव्हाही मंत्रीच होते. त्यांनी ऑगस्ट १७७२ मध्ये राजीनामा दिला, तो ओहायो नदीकाठच्या जमिनींच्या वादावरून.